दवाखान्याचा खर्च वहीत कोणत्या खात्यावर मांडता?

हिंगण्यात कापडाचे दुकान चालवून आम्हाला तीस वर्षांवर झाली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट ध्यानात आली. गिऱ्हाइकाच्या घरची परिस्थिती ओळखावयाची असेल तर त्याच्या अंगावरचे कपडे पाहू नयेत, त्याच्या नावावरचे उधारीचे पान पाहावे. वर्षानुवर्षे ईद-दिवाळीच्या आत खाते चुकते करणारा माणूस एकाएकी दुकानासमोरून जाताना मान खाली घालू लागतो, रस्ता बदलतो. लोक म्हणतात, पोरगा बिघडला असेल, जुगार लागला असेल. आम्ही चौकशी करतो तेव्हा बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : घरात बिमारी निघाली.

बिमारी निघाली की घरात सर्वांत आधी बंद होते ते कापड. धान्य बंद करता येत नाही, शाळेची फी काही महिने लांबविता येते, पण नवा कपडा मात्र त्याच दिवशी थांबतो. म्हणून हा विषय डॉक्टर मंडळींचा आहे, व्यापाराच्या पानावर त्याचे काय काम, असे कोणी समजू नये. आमच्या गल्ल्यात न आलेला पैसा मेडिकल स्टोअरच्या गल्ल्यात गेलेला असतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्याकडून अस्तर आणि शर्टिंगचे तागे नेणाऱ्या एका टेलर मास्तरांनी दुकान बंद केले. चार मशिना होत्या, हाताखाली तीन कारागीर होते. बाजारात बोलणे असे की रेडिमेडने मारले, आता शिलाईचा जमाना राहिला नाही. आम्हीही तसेच समजत होतो. पुढे त्यांच्याच तोंडून खरा हिसाब कळला. वडिलांना साखरेची बिमारी, पायाला जखम, ती चिघळली. दोन वर्षे दर आठवड्याला मलमपट्टी, मग बोट कापले, मग पुन्हा दवाखाना. पहिल्या वर्षी बचत गेली, दुसऱ्या वर्षी दोन मशिना गेल्या. "शेठ, काम कमी नव्हते, काम करायला मशीन नव्हती," असे ते म्हणाले. आपल्या बाजारात 'धंदा बसला' म्हणून ज्या दुकानांची नोंद होते, त्यांतली किती अशी दवाखान्याने बसविलेली असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

आणि करणार तरी कशी? आपल्यापैकी कितीजण दवाखान्याचा खर्च वेगळा लिहितात? गल्ल्यातून पाचशे काढले, 'घरखर्च' लिहिले. दोन हजार काढले, 'उचल' लिहिले. डॉक्टरची फी, रक्ताची तपासणी, सोनोग्राफी, ऑटोचे भाडे, सोबत गेलेल्या मुलाची बुडालेली रोजी, सगळे त्या एका खात्यात. मालाची गठडी आणण्याची हमाली आपण पैशापर्यंत लिहितो आणि मुद्दल खाणाऱ्या खर्चाला वहीत नावही देत नाही.

मिळकतीच्या किती टक्के पैसा बिमारीवर जातो, हा प्रश्न सोपा दिसतो, पण त्यातला 'मिळकत' हाच शब्द आपल्याकडे कठीण आहे. व्यापारी माणूस बँकेला एक मिळकत सांगतो, आयकराला दुसरी आणि मुलीचे स्थळ पाहायला आलेल्यांना तिसरी. म्हणूनच सरकारी पाहणीवाले मिळकत विचारण्यापेक्षा खर्च विचारतात. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळातील घरगुती खर्चाच्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ३,७७३ रुपये आणि शहरी भागात ६,४५९ रुपये निघाला. त्यातला सुमारे सात टक्के खेड्यात आणि सुमारे सहा टक्के शहरात औषधोपचारावर गेला. खेड्यातला माणूस गरीब असूनही त्याचा वाटा जास्त, हे लक्षात घ्यावे.

सात टक्के ऐकून कोणी म्हणेल, यात ओरड करण्यासारखे काय आहे? आता पाच माणसांचे घर धरा. ३,७७३ च्या हिशेबाने महिन्याचे १८,८६५ रुपये, वर्षाचे २,२६,३८० रुपये. सात टक्के म्हणजे वर्षाला पंधरा-सोळा हजार. हे झाले सरासरीचे. पण बिमारी सरासरीने येत नाही. २०१७-१८ च्या सरकारी पाहणीप्रमाणे खासगी इस्पितळात एकदा भरती झाल्याचा सरासरी खर्च ग्रामीण भागात २७,३४७ रुपये आणि शहरी भागात ३८,८२२ रुपये होता. सरकारी इस्पितळात तोच सर्व मिळून ४,४५२ रुपये. म्हणजे आमच्या त्या पाच माणसांच्या घरात एकजण एकदा खासगीत भरती झाला की सगळ्या घराचा जवळजवळ दीड महिन्याचा खर्च एका बिलात गेला, आणि तोही जुन्या भावाने. घराच्या एकूण खर्चाच्या किंवा मिळकतीच्या दहा टक्क्यांवर औषधोपचार गेला तर जगभरच्या मोजणीत तो घर हादरविणारा खर्च धरतात. आमच्या उदाहरणात दहा टक्के म्हणजे २२,६३८ रुपये. एका भरतीतच ती रेघ ओलांडली गेली. त्याच पाहणीत खेड्यांतील सुमारे तेरा टक्के रुग्णांच्या घरांनी भरतीचा खर्च मुख्यत्वे कर्ज काढून भागविला असे दिसले. बाकीच्या बहुतेकांनी मिळकत आणि बचत मोडली. व्यापाऱ्याची बचत म्हणजे काय हे आपण जाणतोच. ती बँकेत नसते, फळीवर ताग्यांच्या रूपाने असते.

सरकारी आकड्यांत एक चांगली बातमीही आहे, ती लपविणे योग्य होणार नाही. देशात आरोग्यावर जेवढा पैसा खर्च होतो त्यातला लोकांनी स्वतःच्या खिशातून भरलेला भाग २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सरकारचा वाटा त्याच काळात २८.६ वरून ४८ टक्क्यांवर गेला. हे चांगलेच झाले. परंतु ही टक्केवारी देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील आहे, तुमच्या-आमच्या मिळकतीतील नव्हे. सरकारने आपला हात सैल केला म्हणजे आमचा वाटा कमी दिसतो. आमच्या खिशातून जाणारे रुपये कमी झालेच, असा त्याचा अर्थ होत नाही. मंडळी भाषणांत या दोन गोष्टींची सरमिसळ करतात.

आमच्या मते वर्षाची टक्केवारी आणखी एका बाबतीत फसवी आहे. हिंगण्याच्या आसपासचे आमचे अर्धे गिऱ्हाईक शेतीवर आहे. कापसाचा पैसा येतो दिवाळीपासून पुढे. बिमारी मात्र पावसाळ्यात येते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ताप, डेंग्यू, हगवण यांनी घरे भरलेली असतात आणि हात रिकामे असतात. त्याच दोन महिन्यांत बायकांचे गळ्यातले गहाण पडते. वर्षाच्या हिशेबात पाच टक्के दिसणारा खर्च त्या महिन्याच्या हिशेबात शंभरातले दीडशे असतो. शिलाई कारागिराचेही तेच. सणाच्या आधी दोन महिने काम, नंतर माश्या मारणे.

हे दुखणे शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने फार पूर्वी ओळखले होते. तेथे आसपासच्या गावांसाठी वर्गणीची योजना काढली आणि वर्गणी घेतली ज्वारीत, पीक हाती आल्यावर. ज्याच्याकडे शेती जास्त त्याची ज्वारी जास्त. माणसाच्या हातात जेव्हा असते तेव्हा घ्यावे आणि त्याला जेव्हा लागते तेव्हा द्यावे, एवढा साधा व्यवहार. एखाद्या व्यापाऱ्याला हे सुचायला हवे होते, सुचले डॉक्टरांना.

आता आमच्या घरचे सांगतो. आमच्याच अंगावर आले नसते तर आम्हीही कदाचित हा लेख लिहिला नसता. २०१५ च्या ऑगस्टमध्ये आमच्या अम्मी न्हाणीत घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले. नागपुरातील एका खासगी इस्पितळात नेले. त्यांनी एक लाख दहा हजारांचा अंदाज सांगितला. आम्ही निश्चिंत होतो, कारण दोन लाखांचा विमा होता आणि सात वर्षे हप्ते भरले होते. सुटीच्या दिवशी बिल हातात आले ते एक लाख चौऱ्याहत्तर हजारांचे. हातमोजे, सुया, पट्ट्या, 'इतर' असे लिहिलेल्या रकमाच पानभर. विमा कंपनीने त्यातले एक्याऐंशी हजार मंजूर केले. बाकीचे त्र्याण्णव हजार आमचे.

असे का झाले, हे समजायला आम्हाला पुढे महिना लागला. पॉलिसीच्या आतल्या पानावर लिहिले होते की खोलीचे भाडे विम्याच्या रकमेच्या एक टक्क्यापर्यंतच मिळेल. दोन लाखांचा एक टक्का म्हणजे रोजचे दोन हजार. आम्ही अम्मीसाठी चार हजारांची खोली घेतली होती. आमची समजूत अशी की वरचे दोन हजार आपण भरू. पण नियम तसा नाही. खोली दुप्पट भाड्याची घेतली तर डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, हे सगळेच त्या प्रमाणात अर्धे मंजूर होते. पन्नास रुपयांच्या मीटरमागे वाद घालणारे आम्ही, दोन लाखांच्या कागदाचे आतले पान वाचले नव्हते. दोष कंपनीचा किती आणि आमचा किती, ते वाचकांनी ठरवावे.

बकरी ईद त्या वर्षी २५ सप्टेंबरला होती. सणासाठी भरलेला माल आम्ही ईदच्या तोंडावर दुसऱ्या दुकानदाराला खरेदीच्या खाली देऊन टाकला. त्यात जे गेले ते इस्पितळाच्या कोणत्याही बिलात नाही. पुढच्या दोन सिझनमध्ये माल कमी भरला, म्हणून विक्री कमी, तेही कोणत्या बिलात नाही. अम्मी बऱ्या झाल्या, पुढे सहा वर्षे आमच्यात राहिल्या, अल्लाहचे शुक्र आहे. पण कोणी विचारले की खर्च किती आला, तर आम्ही अजूनही त्र्याण्णव हजारच सांगतो आणि ते खरे उत्तर नाही हे आम्हाला ठाऊक असते.

विमा घ्यावा की नाही, यावर आपल्या बिरादरीत काहींच्या मनात शरई शंका आहे. तो विषय आलिमांचा, त्यात आम्ही पडत नाही. मात्र ज्यांना शंका नाही आणि जे केवळ आळसाने घेत नाहीत त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. व्यक्तिगत आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावर पूर्वी १८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून काढून टाकला आहे. आणि आधीपासूनच्या बिमारीसाठी थांबावे लागणारा काळ २०२४ च्या नियमाने जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला आहे. घेताना खोलीच्या भाड्याची अट तेवढी आधी विचारा.

सरकारी योजनेबद्दल आपल्या व्यापारी वर्गात मोठा गैरसमज आहे. जीवनदायी योजना २०१२ साली निघाली, २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तेव्हापासून आपण एकच धरून बसलो आहोत की ती पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांची. आपले कार्ड पांढरे, आपला काय संबंध? संबंध आहे. राज्य सरकारने २०२३ मध्ये निर्णय घेऊन १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डधारकांसही त्यात घेतले आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून पाच लाख केली. सत्तर वर्षांवरील वृद्धांना तर ऑक्टोबर २०२४ पासून मिळकत न पाहता केंद्राच्या आयुष्मान योजनेतून पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. अम्मींच्या वेळी हे नव्हते. आज आहे, तर कार्ड काढून ठेवण्यात कमीपणा कसला? योजनेतील इस्पितळात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो. भरती होण्याआधी त्याच्याकडे जावे, पैसे भरून झाल्यावर नव्हे. धर्मादाय इस्पितळांचेही तसेच. २००६ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार अशा इस्पितळांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या आहेत. रमजानमध्ये आपण जकातीतून ज्यांची बिले भरतो, त्यांतले कितीजण या खाटांचे हक्कदार होते, हे पाहिले गेले तर जकातीचा तोच पैसा आणखी दोन घरांना पुरेल.

पण या सगळ्या योजना भरती झालेल्या माणसाच्या आहेत. टेलर मास्तरांच्या वडिलांचे घर ऑपरेशनने नाही मोडले, दर आठवड्याच्या पट्टीने मोडले. सरकारी पाहणीतही औषधोपचाराच्या खर्चातला मोठा भाग भरतीचा नसून रोजच्या गोळ्या, फी आणि तपासण्यांचा आहे. हातमाग विणकरांसाठी २००५-०६ मध्ये केंद्राने विम्याची योजना काढली होती. मर्यादा कुटुंबाला वर्षाला अवघी पंधरा हजारांची होती, पण त्यातला निम्मा भाग बाहेरच्या उपचारासाठी, म्हणजे फी-गोळ्यांसाठी होता. रक्कम छोटी, पण विणकराचे दुखणे तिने बरोबर ओळखले होते. नंतरच्या मोठमोठ्या योजनांत तेवढेच सुटले. साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्यांवर आयुष्यभर पैसा घालणाऱ्याला पाच लाखांच्या कार्डाचा त्या दिवशी उपयोग काय? जनऔषधी दुकानात त्याच औषधाची गोळी निम्म्याहून कमी दरात मिळते, पण डॉक्टरने लिहिलेले नाव आणि दुकानातले नाव जुळत नाही म्हणून माणूस परत येतो. डॉक्टरला औषधाचे मूळ नाव लिहून मागावे. आम्ही मागतो. एखादा डॉक्टर कपाळाला आठ्या घालतो, बाकीचे लिहून देतात.

गोळ्यांपासून भरतीपर्यंत सगळे देणारी एक व्यवस्था आमच्या हिंगण्यातच आहे आणि तिच्याबद्दल लिहिताना आम्हाला आपल्याच माणसांशी वाकडे बोलावे लागेल. ती म्हणजे कामगार राज्य विमा. एमआयडीसीतल्या कारखान्यात दहा किंवा अधिक माणसे असतील आणि पगार महिना २१,००० पर्यंत असेल, तर कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के, एवढ्यात त्याच्या सगळ्या घराचा इलाज होतो. पंधरा हजार पगार धरा. कामगाराचे साडेबारा वर शंभर, मालकाचे चारशे साडेसत्त्याऐंशी, दोन्ही मिळून सहाशे रुपये. वर्षाला बहात्तरशे. यात डॉक्टर, गोळ्या, भरती आणि बिमारीच्या रजेचा काही पगार. बाजारात असा विमा कोण देतो? दवाखान्यात रांग आहे, औषध कधी असते कधी नसते, अशा तक्रारी आम्हीही ऐकतो आणि त्या खऱ्या आहेत. तरीही.

आणि आपण काय करतो? शिलाईचे युनिट, पिशव्यांचे युनिट, बॅगांचे युनिट. माणसे चौदा, हजेरीपटावर नऊ. दहावा माणूस कागदावर येऊ द्यायचा नाही, कारण आला की चारशे साडेसत्त्याऐंशी रुपये लागतात. पुढे त्याच माणसाच्या घरी बिमारी निघते, तो पाच हजार उचल मागतो, आपण मन मोठे करून देतो, तो फेडू शकत नाही, काम सोडून पळतो. कारागीरही गेला, उचलही गेली. मग आपण म्हणतो, आजकाल माणसे इमानदार राहिली नाहीत. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत दहापेक्षा कमी माणसे असली तरी मालक आणि कामगार राजी असतील तर या विम्यात जाता येते. तेव्हा नऊचा आडोसाही आता पुरेसा राहिलेला नाही.

आमच्या दुकानात चार माणसे आहेत. त्यांना आम्ही हे सांगितले तेव्हा दोघे लगेच राजी झाले, एकाने पगारातून कापू नका म्हटले आणि चौथ्याने विचारले, "शेठ, बहिणीचा इलाज होईल का? ती माहेरी राहते." विधवा बहीण कुटुंबात धरली जाते की नाही, हे आम्हाला सांगता आले नाही. ते विचारायला येत्या आठवड्यात नागपूरला जाणार आहोत.

सेवाग्रामच्या ज्वारीवरून आम्ही हिंगण्यातील पाच-सहा दुकानदारांकडे एक गोष्ट काढली आहे. ज्यांची मिळकत सिझनची आहे, असे टेलर, फेरीवाले, रफूवाले, पिंजारी, त्यांच्याकडून ईद आणि दिवाळीच्या विक्रीच्या महिन्यांत थोडी रक्कम घ्यावी, दुकानदारांनी तेवढीच घालावी, आणि ती पावसाळ्यात फक्त फी, गोळ्या, तपासणीसाठी द्यावी. भरतीसाठी नाही, त्याला सरकारी कार्ड आहे. सर्वांना पसंत पडले. अडले आहे ते एकाच ठिकाणी. हिसाब कोणी ठेवायचा? प्रत्येकजण दुसऱ्याचे नाव सुचवितो. आम्ही तूर्त एवढेच केले की दुकानाच्या खतावणीत 'दवाखाना' नावाचे नवे पान घातले आणि घरखर्चातून ती रक्कम वेगळी काढली. पहिल्या तीन महिन्यांचा आकडा पाहून घरच्यांनी आम्हालाच विचारले, हे बरोबर लिहिले आहे ना?